हौदावरची फरशी

सेलू, ६ ऑक्टोबर २०२५

आदेश बेटा,

प्रभूच्या नावात सलाम.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. मोबाईलच्या दुकानात दाखवला तर तिथला पोट्टा सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, समोरच्यानं तुमाले बंद करून ठेवलं." झाली ना माझी शोभा! म्हणून हे पत्र. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही. वाच, अन् फाडायचंच असेल तर वाचून मग फाड. जन्मभर नर्सची नोकरी केली, रिपोर्ट लिहायची सवय, म्हणून शुद्ध लिहायला बसले आहे. राग आला की आपली सेलूची भाषा बाहेर पडेल, ती चालवून घे.

बातमी आनंदाची आहे. तुझ्या बाबांचा मंडळीतर्फे सत्कार करायचं ठरलं आहे. रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळच्या उपासनेत. तू जन्मलाही नव्हतास तेव्हापासून ते आपल्या बाप्टिस्ट मंडळीचे पाळक आहेत. सेलूत नुसतं 'पास्टर' म्हटलं तरी लोक त्यांचंच घर दाखवतात. शाल, मानपत्र, जेवण, सगळं आहे, अन् आपल्यातलेच नाही तर सारं गाव येणार आहे. बंडूजींनी वांगी आपल्या वावरातली द्यायचं कबूल केलं. मी म्हटलं, "बंडूजी, तुमी तं मारुतीच्या देवळाचे पंच." तर म्हणाले, "बाई, दुष्काळात माह्या घरच्यायनं पाणी कोणाच्या विहिरीचं पेलं?" तुला आठवत असेल. त्या वर्षी तुझ्या बाबांनी, माझ्या भाऊजींनी, चर्चच्या विहिरीचं कुलूप काढून टाकलं, साऱ्या मोहल्ल्याला पाणी दिलं, अन् बाप्तिस्म्याचा हौद कोरडा ठेवला. म्हणाले, बाप्तिस्मे थांबू शकतात, तहान थांबत नाही.

तर तू यायचं, अन् मुलगा म्हणून दोन शब्द बोलायचे. भाऊजी खुशीत आहेत. त्यांनाच वाटतं की आता पुरे झालं, नव्या माणसाच्या हाती द्यावं. तब्येत ठणठणीत. हात थोडे कापतात, ते वयच आहे. ईस्टरचं काही कानावर आलं असेल तर त्यातलं अर्धं सोडून दे. लोकांना फोडणी दिल्याशिवाय जेवण जात नाही.

तू काऊन येत नाहीस ते मला ठाऊक नाही असं नाही. मी तिथंच होते. तुझ्या आईला, माझ्या सुलोचनाताईला, माती दिली अन् लगेच पुढच्या रविवारी प्रभुभोजन आलं. भाकरीचं ताट घेऊन भाऊजी स्वतः बाकांमधून येत होते. तू हात पुढं केलास. त्यांनी ताट तुझ्यापुढून तसंच शेजारच्याकडं नेलं. सगळ्यांनी पाहिलं. तुझा बाप्तिस्मा झालेला नाही, अन् ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याला प्रभुभोजन नाही, हा आपला नियम. नियम चुकीचा नव्हता. पण आई नुकतीच गेलेल्या पोराचा हात असा हवेत राहिला, हे माझ्याच्यानं अजून पाहवत नाही. तू त्याच दुपारी पुण्याला गेलास तो गेलासच.

ते असो. माझं इथलं रडगाणं तेच. मी डिकन, मंडळीची सेविका, त्यामुळं प्रभुभोजनाची मांडामांड अजून माझ्याकडे. द्राक्षरसाचे छोटे काचेचे कप तानाबाई भरते, अन् दर महिन्याला एक कप भरलेलाच परत येतो. मी म्हणते, "डोकी मोजून भरत जाय व!" ती म्हणते, "मोजूनच भरले बाई." मोजूनच म्हणे! मग तो कप मी मोगऱ्यात ओतते अन् दिवसभर तिच्यावर चिडते.

येजो बेटा. नाही म्हणू नको.

तुझी
जयवंता मावशी

सेलू, २२ ऑक्टोबर

आदेश,

तुझं कार्ड आलं. एक ओळ. "बाबांनी स्वतः सोडायचं म्हटलं का? हो की नाही एवढंच लिहा." मला 'लिहा'? तुझं शी-शू काढलं मी. पण बरोबर आहे, मला आता तसंच लिहायला पाहिजे.

नाही. त्यांनी म्हटलेलं नाही. ते खुशीत आहेत हेही मी माझ्या मनानं लिहिलं. त्यांना एवढंच माहीत आहे की मंडळी मानपत्र देणार आहे. त्या मानपत्राच्या शेवटी 'सेवानिवृत्ती' हा शब्द आहे, हे त्यांना माहीत नाही. तो शब्द मीच घालायला लावला.

ईस्टरचं ऐक. हिंगणीचा कैलास आहे, बैलासारखा दांडगा. त्यानं बाप्तिस्मा मागितला. भाऊजी नेहमीसारखे हौदात उतरले. त्याचं नाव घेतलं, त्याला पाठीवर पाण्यात निजवलं, अन् उचलायच्या वेळी हातच चालेनात. कैलास पाण्याखाली, भाऊजींचे ओठ पांढरे, अन् आम्ही सारे 'आमेन' म्हणायला तोंड उघडून बसलेले. शेवटी त्यानंच भिंतीला पाय लावला अन् खोकत खोकत उभा झाला. वर म्हणतो, "पास्टरनं मले दोन खेपा धुतलं. पापंच तेवढी होती!" लोक हसले. मी नाही हसले. मी नर्स आहे, पाण्याखाली माणूस किती टिकतो ते मला कळतं.

कमिटीत सगळ्यांच्या मनात तेच होतं, पण भाऊजींना सांगणार कोण? प्रफुल्ल आता सेक्रेटरी आहे, शाळेत मास्तर झाला, पण भाऊजींसमोर अजून संडे स्कूलमधल्यासारखी मान खाली घालतो. तेव्हा मीच म्हटलं, सत्कार करा. खांद्यावर शाल पडली की माणूस आपोआप खुर्चीत बसतो. काय टाळ्या पडल्या! मला त्या वेळी माझ्या अकलेचा अभिमान वाटला.

अजून एक आहे, तेही सांगून टाकते. प्रफुल्ल म्हणाला, त्यांच्या सन्मानार्थ व्यासपीठावर ग्रॅनाईटची फरशी बसवू, त्यावर नाव कोरू. व्यासपीठाखाली हौद आहे हे तुला माहीत आहेच, लहानपणी त्या फळ्यांवर नाचायचास अन् मार खायचास. तर म्हणे फळ्या कुजल्या, हौद गळतो, यापुढं बाप्तिस्मे बोर धरणावर करू. मी हो म्हटलं. हौदच बंद झाला की भाऊजी त्यात उतरणार नाहीत, अन् मला तोंड उघडून काही सांगावं लागणार नाही. त्यांना सांगितलं की धूळ फार उडते, तोवर तुम्ही गावोगावच्या घरसभा घ्या. ते बिचारे एसटीनं फिरत आहेत.

हे त्यांच्या भल्यासाठीच आहे, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगते. दुपारपर्यंत टिकतं.

तुझी
मावशी

सेलू, ११ नोव्हेंबर

आदेश बेटा,

आज शुद्धबिद्ध काही जमणार नाही.

काल भाऊजी अचानक चर्चमध्ये आले. कैलासच्या बायकोनं, काजलनं, बाप्तिस्मा मागितला, म्हणून हौद पाहायला आले होते. मी आत फुलदाण्या पुसत होते. पळून जावं तर मागचा दरवाजा बंद.

त्यांनी व्यासपीठाखाली चपला काढल्या अन् वर चढले. काळी चकचकीत फरशी. जिथं फळ्या उचलायची कडी होती तिथं वाकून हात फिरवला. मग आपलंच नाव वाचलं, बोट ठेवून, सावकाश. मी वाटच पाहत होते की आता भडकतील, माझा उद्धार करतील. मनातून तीच इच्छा होती म्हण. ते म्हणाले, "दगड चांगला हाय."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जयवंता, आदेश आला तं पाणी कुठी भरजाल?"

मले काही समजलंच नाही आधी. मी म्हटलं, "आदेश? थो कायले येईन?"

"नाई येनार, कदाचित. पण आला तं?"

बेटा, ते तुझ्या बाप्तिस्म्याचं पाणी म्हणत होते. शाळेतली पोट्टी तुला चिडवायची, पास्टरचा पोट्टा अन् बाप्तिस्मा नाही! आपल्यात पाळण्यातल्या लेकराला पाणी लावत नाहीत, ज्याचं त्यानं मोठं होऊन मागायचं. तू मागितलं नाहीस, त्यांनी विचारलं नाही. मला वाटायचं, हा बाप आहे की दगड? काल विचारलंच. म्हटलं, "एकडाव तरी त्याले म्हणायचं होतं ना, भाऊजी!"

"कसा म्हणू?" ते म्हणाले. "मी पास्टरबी हाय अन् बापबी हाय. म्या म्हटलं असतं तं थो माह्यासाठी हो म्हणला असता. देवासाठी नाई. म्हणून म्या हात तेवढे टिकवून ठेवले. म्हटलं, मांगन तवा माह्या हातानं व्हावं."

एवढ्यासाठी तो माणूस खुर्ची सोडत नव्हता रे! अन् आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. तुझ्यासाठी राखून ठेवलेल्या पाण्यावर मी त्यांच्याच नावाचा दगड बसवला.

मी रडत रडत म्हटलं, त्या मानपत्रात निवृत्तीचंबी लिहिलं आहे. म्हणाले, "मले उमजलं होतं. तुमी बोलत नव्हते, तं म्याबी नाई बोललो. तुमालेच अवघड गेलं असतं." घे! रागावले असते तर रात्री झोप तरी लागली असती.

आता तुझ्या पाया पडून सांगते. तू ये. फरशीचं मी पाहते. तू हौदात उतर, तुझा विश्वास असो की नसो, 'हो' म्हण, एक डुबकी. त्यात तुझं काय जाते? एका म्हाताऱ्याचा जीव शांत होईल.

ही वरची ओळ खोडणार होते. खोडत नाही. मावशी कुठपर्यंत घसरली ते तुलाही दिसू दे. खोटा बाप्तिस्मा तू घेणार नाहीस अन् ते देणार नाहीत, दोघं एकाच मातीचे. नुसता ये. मागच्या बाकावर बस. तू दिसलास तरी पुरे.

मावशी

सेलू, १७ नोव्हेंबर

आदेश,

घाईत लिहिते. फरशी निघाली.

प्रफुल्ल आडवा आला. म्हणे, "मावशी, आमंत्रणं वाटून झाली, तुमीच तं हो म्हटलं होतं." मी म्हटलं, "म्हटलं होतं. आता नाई म्हणून राह्यली. लिहून घे मिटिंगच्या वहीत, जयवंताबाईले लाज आली." मिस्त्री म्हणाला, अखंड निघणार नाही. म्हटलं, फोड बापा. भाऊजींच्या नावावर पहिला घाव बसला तेव्हा मी कान झाकले. खालच्या फळ्या खरंच कुजल्या होत्या, त्या बदलल्या. हौद गळतो ती जागा बुजवली.

भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "एवढा चांगला दगड!" अन् हसले. सत्काराला ते बसणार आहेत. निवृत्तीही घेणार आहेत, त्यांनीच सांगितलं. पण आधी काजलचा बाप्तिस्मा. ती पोट्टी कोणाचं ऐकत नाही. म्हणते, "करीन तं पास्टरच्याच हातानं, नाई तं राहू द्या." तेव्हा प्रफुल्ल सोबत हौदात उतरेल अन् भाऊजींना आधार देईल, असं ठरलं आहे.

रविवार, सकाळी दहा. यापुढं लिहिणार नाही तुला.

मावशी

सेलू, २६ नोव्हेंबर

आदेश बेटा,

लिहिणार नाही म्हटलं होतं. पण जे तुला दिसलं नाही ते सांगितल्याशिवाय मला गत्यंतर नाही.

तू आलास तेव्हा दुसरं गीत सुरू होतं. मागच्या बाकावर बसलास. मी पेटी वाजवत होते, तुला पाहून सूरच सोडला, साऱ्या मंडळीनं वळून पाहिलं. भाऊजींनी नाही पाहिलं. तेव्हा ते हौदात उतरत होते, एकेक पायरी चाचपत.

मग काजल उतरली. अन् प्रफुल्ल काठावर नवा सूट घालून उभा, एक बूट काढलेला, दुसऱ्याची गाठ सुटेना. भाऊजींनी काजलच्या पाठीमागं हात लावला. कोपरापासून थरथरत होता तो हात. मला कैलास आठवला. मी ओरडणारच होते, तेवढ्यात तू बाजूनं निघून गेलास, पँटसकट, मोबाईलसकट, धप्पकन हौदात!

तुला त्यांचं तोंड दिसलं नसेल, तू मागं होतास. मला दिसलं. त्यांनी वळून पाहिलं, तू आहेस हे पाहिलं, अन् फक्त म्हणाले, "धर." तुझे हात त्यांच्या हाताखाली आले. दोघांनी मिळून तिला निजवलं अन् दोघांनी मिळून उचललं, पाण्याला आवाजही नाही. पुढच्या बाकावर बंडूजींनी डोळे पुसले. त्यांना तर आपल्यातलं काही कळतही नाही.

काजल वर गेली. तुम्ही दोघंच हौदात उरलात. साऱ्यांच्या मनात एकच: आता विचारतील. मी तर 'विचारा ना!' म्हणायला तोंड उघडलंच होतं. भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं अन् मान हलवली. नाही. मग तुला म्हणाले, "थंडी वाजन बेटा. निघ. टावेल तिकळे आहे." एवढ्या वर्षांची वाट त्यांच्या समोर कमरेइतक्या पाण्यात उभी होती, अन् त्यांनी तुझा फायदा घेतला नाही. मी घेतला असता. हे मला आता माझ्याबद्दल पक्कं माहीत झालं आहे.

नंतर शाल झाली, मानपत्र झालं, अन् शेवटी प्रभुभोजन. त्या वेळी तू उठून बाहेर गेलास. मला वाटलं पँट पिळायला गेला. मग दरवाजातून तुझी पाठ दिसली, पायरीवर बसलेली. त्यांना पुन्हा तुझ्यापुढून ताट न्यावं लागू नये म्हणून गेलास ना? भाऊजी ताट घेऊन मागच्या बाकापर्यंत आले. तुझी जागा ओली होती. तिथं थांबले थोडं. मग पुढं गेले.

आता जे सांगायचं ते. तानाबाई तापानं घरी होती, म्हणून त्या दिवशी कप मी भरले. माझ्या हातानं, नावं घेऊन, एकेक. काजलचा नवा धरून. एकही जास्त नाही. अन् लोक जेवायला बसल्यावर मी ट्रे गोळा करते, तर एक कप भरलेला. भाऊजींच्या टेबलावर, रुमालाखाली.

मी तो कप हातात घेऊन तशीच मांडवात गेले. ते शाल पांघरून जेवत होते, बंडूजी आग्रहानं वांग्याची भाजी वाढत होते. मी बाजूला बोलावलं. म्हटलं, "भाऊजी, हे कव्हापासून?"

म्हणाले, "सुलोचना गेली तवापासून. त्याच्या पुढून ताट म्या नेलं. नियम होता, नेलं. पण माह्या पोराले जे भेटलं नाई, थे मी त्याच्या मांगं कसं खाऊ? मंडळीले वाढत होतो ना. वाढनाऱ्यानं खाल्लंच पाह्यजे असं कुठी लिव्हलं नाई."

आदेश, महिन्यामागून महिने, इतकी वर्षं तो कप माझ्या हातात येत होता. मी तो मोगऱ्यात ओतत होते, अन् तानाबाईला मोजता येत नाही म्हणून बोलत होते. डिकन मी, मेहुणी मी, अन् त्यांचा उपास मला दिसला नाही. तानाबाईची माफी मागून आले. ती तापात म्हणाली, "जाऊ द्या ना बाई." जाऊ कसं देऊ?

भाऊजींनी मला बजावलं आहे, "आदेशले सांगजो नोको. त्याले उगाच वझं होईन." मी सांगते आहे. त्यांना न सांगता मी एकदा काम केलं, त्याचं काय झालं ते तू वाचलंच आहेस. तुलाही अंधारात ठेवून तेच पुन्हा करायचं नाही मला. त्यांना राग आला तर येऊ दे, बरंच वाटेल.

पुढचं प्रभुभोजन ७ डिसेंबरला. ताट नवे पाळक वाढतील. भाऊजी पहिल्यांदाच आपल्या सगळ्यांसारखे बाकावर बसतील. ताट त्यांच्यापुढं येईल अन् ते हात मांडीवरच ठेवतील. या वेळी सारी मंडळी पाहील, जशी तेव्हा तुझ्याकडं पाहत होती.

बाप्तिस्मा घे असं मी आता कधी म्हणणार नाही. ते तुझं अन् देवाचं. पण माझ्या सांगण्यानं त्यांच्या घशाखाली तो घास उतरणार नाही, मी सांगून पाहिलं. तुझ्या सांगण्यानं उतरेल. माझा नंबर बंदच राहू दे, मला चालेल. त्यांना फोन कर, रविवारी सकाळी दहाच्या आत, अन् एवढंच म्हण, "बाबा, तुम्ही खा."

तुझी
जयवंता मावशी